आधी लूप दाखव: प्रवर्तनाचं गोंधळात पाडणारं गणित कसं सोडवायचं

"मॅडम, हे गणित चुकीचं छापलंय." बारावीतल्या एका विद्यार्थिनीने वही माझ्यापुढे सरकवली. पानावर उत्तर लिहून खोडलेलं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेलं. तिने दोनदा खोडलेली दोन्ही उत्तरं बरोबर होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. गणित येत असूनही उत्तरावर विश्वास बसत नाही, असं विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत व्होल्टेज तयार होण्याच्या) धड्यात फार होतं, आणि त्यावर उपाय आहे.

गणित असं. एक लांब सॉलेनॉइड, म्हणजे तारेचं लांब नळीसारखं वेटोळं, आहे. त्याच्याभोवती तारेचं एक कडं. कड्यात डावीकडे २२० ओहमचा रेझिस्टर, उजवीकडे ६८० ओहमचा. कड्याच्या वरच्या टोकाला अ म्हणू, खालच्या टोकाला ब. सॉलेनॉइडचा छेद १५ चौरस सेंटिमीटर. आतलं चुंबकीय क्षेत्र कागदातून आपल्या दिशेने येणारं, आणि या क्षणी ते सेकंदाला १२० टेस्ला या दराने वाढतंय. अ आणि ब यांना दोन व्होल्टमीटर जोडले आहेत. एक कड्याच्या डावीकडे ठेवलेला, दुसरा उजवीकडे. दोघांचीही लाल तार अ ला, काळी तार ब ला. प्रत्येक मीटर काय दाखवेल?

(१२० टेस्ला वाचून दचकू नका. क्षेत्र तेवढं नाही, त्याचा बदलण्याचा दर तेवढा आहे. ५० हर्ट्झवर चालणाऱ्या लोखंडी गाभ्यात क्षेत्राचं शिखर नुसतं १ टेस्ला असलं, तरी हा दर ३१४ टेस्ला प्रति सेकंदापर्यंत जातो.)

तिची अडचण एका वाक्यात होती: "दोन्ही मीटर त्याच दोन बिंदूंना जोडलेत. मग रीडिंग एकच यायला नको का?"

मी तिला म्हटलं, "बिंदू राहू देत. आधी लूप दाखव. ज्या लूपबद्दल बोलते आहेस, त्यावरून बोट फिरव."

पहिलं काम: सूत्र नाही, पेन्सिल

आकृती मोठी काढा, निम्मं पान भरेल एवढी. मग जिथे चुंबकीय क्षेत्र बदलतंय तेवढाच भाग पेन्सिलीने काळा करा. आपल्या गणितात तो मधला छोटा गोल आहे, बाकी सगळं पांढरं. लांब सॉलेनॉइडच्या बाहेर क्षेत्र जवळजवळ नसतं, म्हणून तारा, रेझिस्टर आणि मीटर सगळे पांढऱ्या भागात आले.

इथेच एक शंका येते, आणि ती यायलाच हवी. तार जिथे आहे तिथे चुंबकीय क्षेत्रच नाही, मग तारेतल्या इलेक्ट्रॉनना ढकलतं कोण? बदलत्या फ्लक्सभोवती (फ्लक्स म्हणजे एखाद्या छेदातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र) विद्युत क्षेत्र गोल फिरतं, आणि ते काळ्या भागाच्या बाहेरही असतं. ढकलण्याचं काम तेच करतं. २९ ऑगस्ट १८३१ ला फॅरेडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून जो प्रयोग केला, त्यात दुसऱ्या वेटोळ्याची तारही लोखंडाच्या बाहेरूनच गेली होती. पहिल्या वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसुई हलली, एरवी नाही. तार चुंबकीय क्षेत्रात असावी लागत नाही, तिने बदलत्या फ्लक्सला वेढा घालावा लागतो. हे वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागेल.

दिशा एकदाच ठरवा

दिशेत होणाऱ्या चुका बहुतेक एकाच कारणाने होतात: फॅरेडेच्या सूत्रातलं (ईएमएफ, म्हणजे पूर्ण फेरीत तयार होणारं व्होल्टेज, बरोबर वजा फ्लक्स बदलण्याचा दर) वजा चिन्हही घेतात आणि वर लेंझचा नियमही (तयार होणारा करंट फ्लक्सच्या बदलाला विरोध करतो) लावतात. दिशा दोनदा उलटते आणि उत्तर उलटं येतं. मी मुलांना सांगते, फॅरेडेच्या नियमातून फक्त आकडा काढा, दिशा फक्त लेंझच्या नियमातून. वजा चिन्हाला त्या दिवसापुरती सुट्टी द्या.

आकडा: १५ चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.००१५ चौरस मीटर. त्याला १२० ने गुणलं की ०.१८ व्होल्ट. सोयीसाठी १८० मिलिव्होल्ट म्हणू.

दिशा: आपल्याकडे येणारं क्षेत्र वाढतंय, कड्यातला करंट त्याला विरोध करणार, म्हणजे कागदात आत जाणारं क्षेत्र तयार करणार. उजव्या हाताची बोटं वळवून बघा, करंट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मोठा बाण काढा आणि आता त्याला हात लावू नका.

करंट

हा भाग सोपा आहे. दोन्ही रेझिस्टर एकामागोमाग एक आहेत, एकूण ९०० ओहम. १८० मिलिव्होल्ट भागिले ९०० म्हणजे ०.२ मिलिअँपियर. २२० ओहमवर ४४ मिलिव्होल्ट पडतात, ६८० वर १३६. बेरीज १८०. मीटरमधून जाणारा करंट सोडून द्यायला हरकत नाही. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्यातून जाणारा करंट कड्यातल्या करंटच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी.

इथपर्यंत त्या मुलीचंही सगळं बरोबर होतं. अडखळली ती यापुढे.

मीटरची तार म्हणजे लूपची एक बाजू

मीटर जोडला की तारेचे नवे लूप तयार होतात, ही गोष्ट आकृती बघताना डोळ्यांना दिसत नाही. आपण मीटरकडे बाहेर बसून बघणारा म्हणून पाहतो. पण त्याच्या दोन तारा सर्किटचाच भाग आहेत, आणि त्या कुठून जातात यावर रीडिंग ठरतं.

उजवा मीटर घ्या. बोट मीटरच्या लाल तारेवर ठेवा, अ पर्यंत जा, तिथून ६८० च्या रेझिस्टरमधून ब पर्यंत उतरा, काळ्या तारेने मीटरकडे परत या. बोटाने आखलेल्या या लूपच्या आत काळं काही आहे का? नाही. म्हणजे या लूपमध्ये ईएमएफ शून्य, आणि मीटरला तेच दिसणार जे ६८० वर पडलंय. करंट उजवीकडे अ कडून ब कडे उतरतोय, म्हणून अ चढा. उजवा मीटर दाखवेल अधिक १३६ मिलिव्होल्ट.

आता डावा मीटर. लाल तारेने अ, मग २२० मधून ब, काळ्या तारेने परत. आत काळं? नाही. पण डावीकडे करंट ब कडून अ कडे चढतोय, म्हणजे ब चढा. लाल तार अ ला आहे, म्हणून डावा मीटर दाखवेल वजा ४४ मिलिव्होल्ट.

हेच दोन आकडे तिने लिहून खोडले होते.

"पण मग अ आणि ब मधलं खरं विभवांतर किती?" तिने विचारलं.

या प्रश्नावर मी पूर्वी घाईघाईने पुढे सरकत असे. आता थांबते, कारण गाठ इथेच आहे. विभव ही कल्पना डोंगरासारखी आहे. पायथ्यापासून माथा किती उंच, हे कुठल्या वाटेने चढलात त्यावर ठरत नाही. स्थिर विद्युतात असंच असतं, म्हणून 'या दोन बिंदूंमध्ये इतके व्होल्ट' असं आपण बिनधास्त म्हणतो. बदलत्या फ्लक्सभोवती मात्र डोंगर राहत नाही, मधल्या खांबाभोवती फिरणारा गोल जिना होतो. वरून बघितलं तर तुम्ही एक फेरी मारून त्याच जागी आलात, पण आहात एक मजला वर. 'या जागेची उंची किती' या प्रश्नाला तिथे एक उत्तर नाही. 'कुठल्या बाजूने आणि किती फेऱ्या मारून आलात' हे विचारावं लागतं. आपल्या गणितात मधला काळा गोल हा तो खांब, आणि एका मजल्याची उंची १८० मिलिव्होल्ट.

दोन रीडिंगमधला फरक बघा: १३६ आणि वजा ४४, फरक बरोबर १८०. एक मीटर खांबाच्या उजवीकडून गेला, दुसरा डावीकडून. दोघांमध्ये एका मजल्याचा फरक आहे.

उलटतपासणी

उत्तर आल्यावर थांबू नका. प्रत्येक मीटरसाठी दुसरा लूपही आहे, त्यानेही तेच उत्तर यायला हवं. उजव्या मीटरचा दुसरा लूप डाव्या रेझिस्टरमधून जातो आणि काळ्या गोलाला वेढतो. घड्याळाच्या दिशेने चला: अ पासून मीटरमधून ब, तिथून २२० मधून वर अ. मीटरचं रीडिंग अधिक ४४ बरोबर १८०. म्हणजे रीडिंग १३६. जुळलं. डाव्या मीटरचं तुम्ही करून बघा. काळ्या भागाला वेढणारा लूप घेऊनही तोच आकडा आला की उत्तराबद्दलची शंका आपोआप मिटते. त्या मुलीचीही इथेच मिटली. मी समजावल्याने नाही, तिने स्वतः बोट फिरवून केल्याने.

किर्चहॉफच्या लूपच्या नियमाचं (लूपमधल्या सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य) काय, हा पुढचा प्रश्न असतो. नियम आहे तिथेच आहे, पण त्याला एक अट आहे: लूपच्या आत बदलता फ्लक्स नको. अट पाळली गेली की बेरीज शून्य, नाही तर बेरीज बरोबर वेढलेला ईएमएफ. १९८२ मध्ये रोमर यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये व्होल्टमीटर नेमकं काय मोजतात याच प्रश्नावर लेख लिहिला, आणि त्यावरची चर्चा अजून संपलेली नाही. काहींना वाटतं तारा लावण्यातच चूक आहे, काहींना वाटतं नियमच मोडला. माझं मत असं, की भांडण शब्दांचं आहे. मीटर काय दाखवणार याबद्दल दोन्ही बाजूंचं गणित एकच आकडा देतं, आणि विद्यार्थ्याने त्या आकड्याला धरून राहावं.

टेबलावर करून बघायचं असेल तर

माझा स्वतःचा विश्वास कागदावर पुरता बसला नव्हता. तो बसला टोरॉइड ट्रान्सफॉर्मरमुळे, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल ट्रान्सफॉर्मरमुळे. त्याचा फ्लक्स लोखंडी कड्यात कोंडलेला असतो आणि भोकातून तार सहज ओवता येते, त्यामुळे वेढा घातला की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

टोरॉइडच्या मूळ वेटोळ्याची मेन्सची टोकं बंद डब्यात, फ्यूजसह, इन्सुलेट केलेली हवीत. ज्याला २३० व्होल्टवर काम करायची सवय आहे अशा माणसाकडून ती करून घ्या. तुम्ही हात लावणार ते फक्त भोकातून ओवलेल्या तारेला.

आधी एका वेढ्याला किती व्होल्ट येतात ते काढा. एकच वेढा मोजला तर आकडा लहान येतो, म्हणून इन्सुलेटेड तारेचे दहा वेढे घाला, एसी रेंजवर मोजा आणि दहाने भागा. माझ्या टोरॉइडवर दहा वेढ्यांना १.८ व्होल्ट आले, म्हणजे एका वेढ्याला १८० मिलिव्होल्ट. वरच्या गणितात मी हाच आकडा घेतला आहे.

मग कडं बनवा. २२० चा रेझिस्टर भोकात उभा, ६८० चा टोरॉइडच्या बाहेर उभा, वरचे पाय एकमेकांना जोडलेले, तो अ. खालचे पाय जोडलेले, तो ब. क्रोकोडाइल क्लिपपेक्षा सोल्डर केलेले जोड बरे. मिलिव्होल्ट मोजताना सैल क्लिप फार त्रास देते.

मीटर बाहेर टेबलावर ठेवून दोन्ही तारा बाहेरूनच अ आणि ब ला लावल्या. १३५ आणि १३६ च्या मधे आकडा नाचत होता. मग ब ची तार तशीच ठेवली आणि फक्त अ ची तार काढून, भोकातून खाली ओवून, टोरॉइडच्या खालून मीटरकडे आणली. जोड तेच, मीटर तोच, रेझिस्टर तेच. आकडा ४४ वर आला. मी तार काढून पुन्हा बाहेरून लावली, १३६. पुन्हा भोकातून, ४४. असं किती वेळा केलं ते आठवत नाही.

एसी मीटर अधिक-वजा दाखवत नाही, म्हणून वजा ४४ इथे नुसते ४४ दिसतात. खरी गंमत पुढे आहे. तीच तार त्याच दिशेने गाभ्याभोवती आणखी एकदा गुंडाळली, तर २२४. पूर्ण सोडवून, बाहेरूनच्या जागेपासून उलट्या दिशेने एक वेढा दिला, तर ३१६. चिन्हांसकट मांडलं की वजा २२४, वजा ४४, १३६, ३१६. प्रत्येक पायरी १८० ची. तार लांब करा, वाकडी करा, टेबलाच्या टोकापर्यंत नेऊन आणा, आकडा यांतलाच एक येतो. मधला येत नाही. तार लोखंडाच्या आतून नेता येत नाही, म्हणून अर्धा वेढा शक्य नाही. गोल जिन्याचे मजले असे मीटरवर दिसतात.

एक सांभाळा: रेझिस्टरशिवाय जाड, उघड्या तारेचा बंद फेरा भोकातून कधीही घालू नका. रोध जवळजवळ शून्य, त्यामुळे व्होल्ट कमी असले तरी करंट भयंकर, तार तापते आणि फ्यूज उडतो. टोरॉइड धातूच्या पेटीत बसवताना मधल्या बोल्टची दोन्ही टोकं पेटीला टेकू देत नाहीत ते याचसाठी. बोल्ट आणि पेटी मिळून एक वेढा पूर्ण होतो. आपल्या गणितातला लूपच तो, फक्त रेझिस्टर नसलेला.

पद्धत कुठे बदलते

क्षेत्र स्थिर आणि तार हलती असेल, उदाहरणार्थ रुळांवर सरकणारी दांडी, तर गोष्ट सोपी होते. तिथे ईएमएफला जागा असते: तो दांडीत असतो, दांडीला सेल समजून सर्किट सोडवता येतं आणि विभवांतरही एकच असतं. क्षेत्र बदलत असेल तर ईएमएफ कड्याच्या कुठल्या भागात आहे, हा प्रश्नच लागू होत नाही, तो पूर्ण फेरीचा असतो. म्हणून गणित हातात घेतल्यावर माझा पहिला प्रश्न हाच असतो: हलतंय काय, तार की क्षेत्र? दोन्ही हलत असतील तर दोन्ही वाटे वेगळे काढून मग बेरीज करायची.

आता तुमच्यासाठी एक. तेच कडं, तोच सॉलेनॉइड, पण यात लोखंड नाही, आत हवा आहे. तिसरा व्होल्टमीटर असा लावला आहे की त्याची तार अ पासून ब पर्यंत सरळ सॉलेनॉइडच्या मधून जाते आणि काळ्या गोलाचे बरोबर दोन अर्धे करते. लाल तार अ ला. रीडिंग किती? बोट फिरवा, प्रत्येक लूपच्या आत काळं किती आहे ते बघा. उजव्या लूपमध्ये अर्धा फ्लक्स, म्हणजे ९० मिलिव्होल्ट. घड्याळाच्या दिशेने चालताना १३६ वजा रीडिंग बरोबर ९०, म्हणून ४६ मिलिव्होल्ट. डाव्या लूपनेही ४६ येतात का, ते वहीत करून बघा.